वाड्यातील ‘घर’ आणि ‘खाना’

मराठी वाड्याच्या वास्तुरचनेचे वर्णन करताना दिंडी, देवडी, चौक, ओसरी, माडी ही अंगे आपण नोंदवितो. या वास्तूच्या सामाजिक रचनेची साक्ष तिच्या दालनांच्या नावांतही मिळते. प्रस्तुत टिपणात अशा नावांतील केवळ दोन उत्तरपदांचा विचार केला आहे.

पहिले उत्तरपद ‘घर’. ते संस्कृत ‘गृह’पासून प्राकृतद्वारा मराठीत आले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोठीघर ही त्याची उदाहरणे होत. ‘माजघर’ यातील ‘माज’ म्हणजे संस्कृत ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’. दुसरे उत्तरपद फारसी ‘खाना’. दिवाणखाना, जामदारखाना, मुदपाकखाना, नगारखाना ही त्याची उदाहरणे. दोन्ही पदांचा मूळ अर्थ एकच, ‘घर’. मग दालनांची ही वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली?

बाहेरच्या दालनास ‘खाना’ व आतल्या दालनास ‘घर’, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ‘मुदपाकखाना’ या शब्दापुढे हे अनुमान टिकत नाही. स्वयंपाकाची जागा वाड्याच्या आतच असते. तरीही श्रीमंताघरी तिला ‘खाना’ लागतो. अरबी ‘मत्बख’ म्हणजे पाकशाला. त्यावरून ‘मुदबखखाना’ झाला आणि पुढे ‘बख’च्या जागी परिचित ‘पाक’ येऊन ‘मुदपाकखाना’ रूढ झाला. लोकव्युत्पत्तीचे हे बोलके उदाहरण आहे.

याचा उलगडा राज्यव्यवहारात सापडतो. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत जवाहिरखाना, जामदारखाना, तोफखाना, मुदबखखाना यांसारखी नावे येतात. ही केवळ दालने नव्हेत. ती खाती होत. त्यांना कारभारी, नोकर व हिशेब असत. ‘दिवाण’ हा शब्दही दरबारचाच. तात्पर्य, ‘घर’ हे पद कुटुंबाच्या नित्यव्यवहाराच्या जागेस लागते. ‘खाना’ हे पद जेथे चाकरांची व्यवस्था आणि धन्याचा दर्जा प्रकट होतो त्या जागेस लागते. सरदार-सावकारांच्या वाड्यांनी दरबाराची नुसती कमान उचलली नाही, त्याची परिभाषाही उचलली.

हा भेद अभ्यासकाने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पुण्याचा शनिवारवाडा 1730 ते 1732 या काळात उभा राहिला. 1828 च्या आगीत त्याच्या आतील इमारती नष्ट झाल्या. तट, जोती, हौद आणि दिल्ली दरवाजावरील नगारखाना एवढेच आज दिसते. अशा वास्तूविषयी कागदपत्रांतील नावे हाच मोठा पुरावा ठरतो. तेथे प्रत्येक ‘खाना’ म्हणजे एक खोली असे मानून नकाशा काढल्यास चूक होईल.

आजच्या सदनिकेत दिवाणखान्याची जागा बोलण्यात ‘हॉल’ने घेतली आहे. ‘खाना’ मात्र नष्ट झालेला नाही. दवाखाना, छापखाना, कारखाना या शब्दांत तो पुन्हा संस्थावाचकच राहिला आहे. ‘देवघर’ तर लहानशा फळीवर मांडले तरी ‘देवघर’च असते.

जुने वाडे झपाट्याने पाडले जात आहेत. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी दालनाचे नाव टिपून थांबू नये. ते नाव मालकाच्या तोंडचे की तेथे राबणाऱ्या माणसाच्या तोंडचे, हेही नोंदवावे. एकाच चुलीला दोघे दोन नावांनी ओळखत असण्याचा संभव आहे.