पाण्याशी ओळख असू द्या

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या यावल तालुक्याला समुद्र तसा लांबचा. पण तापीमाईचा विचार केला तर तो अगदीच परका नाही. मुलताईजवळ उगम पावलेली ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर चालून सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. आपल्या शिवारातून वाहून गेलेले पाणी एक दिवस खारे होतेच. समुद्रकाठचे लोक पाण्याशेजारी मुले वाढवतात, तशी आपणही विहिरीशेजारी, पाटाशेजारी, नदीशेजारी वाढवतो. मात्र पाण्याच्या काठी मूल कसे वाढवावे, हे त्या लोकांना जितके नेमके कळते तितके आपल्याला कळत नाही, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या गावांत गेली. आमच्या थोरल्या मुलीचा जन्म इकडे आजोळी झाला, पण तिचे पहिले पाऊल पडले ते किनाऱ्याच्या वाळूत. ती नऊ वर्षांची असताना बदली होऊन आम्ही परत आलो. बाप म्हणून त्या नऊ वर्षांत जे पाहिले आणि शेजारपाजारच्या कोळी कुटुंबांकडून जे शिकलो, ते शेतकरी आयाबापांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

घड्याळाआधी तिथी

किनाऱ्यावरच्या मुलाला घड्याळ कळण्याआधी तिथी कळते. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे ध्यानात ठेवायला जुन्या लोकांनी सोपा ठोकताळा बसवला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, त्या सुमारास पुरी भरती. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब बराचसा जुळतो, इतरत्र थोडा पुढेमागे होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठे उधाण येते. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतले अंतर कमी असते, तिला भांगाची भरती म्हणतात.

आमची मुलगी पाच वर्षांची असताना सकाळी उठली की विचारायची, "आज कुठली तिथी?" मला गंमत वाटायची. पुढे समजले की खेळायला वाळू किती वाजता मोकळी मिळेल, शेजारच्या आजी मुळे आणि तिसऱ्या वेचायला केव्हा निघतील, हे सारे त्या एका उत्तरावर ठरायचे. पाऊणकीचा पाढा ती शाळेत जाण्याआधीच शिकली होती. तो तिच्याकडून पाठ करून घ्यावा लागला नाही, कारण तिला त्याची गरज होती.

आपल्या मुलांनाही अशी गरज पडू दिली पाहिजे. केळीला पाणी कधी सोडायचे, वीज रात्रीची आहे की दिवसाची, कोणत्या नक्षत्रात काय पेरायचे, हे घरात मोठ्याने बोलले जावे आणि मुलाला त्यात विचारले जावे.

धाक नाही, मोकाटही नाही

तिकडची दुसरी गोष्ट म्हणजे मुलाला पाण्याजवळ नेण्याची रीत. कोणी मुलाला समुद्राचा बागुलबुवा दाखवत नाही आणि कोणी त्याला मोकाटही सोडत नाही. तीन वर्षांचे मूल आजीचा हात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहते. पाच-सहा वर्षांचे कमरेइतक्या पाण्यात, पण मोठे माणूस खोल पाण्याच्या बाजूला उभे असते, किनाऱ्याच्या बाजूला नाही. आठ-नऊ वर्षांचा मुलगा खाडीत बापाबरोबर होडीत बसतो आणि वल्ह्याला हात लावतो. वयाबरोबर पाणी एक-एक बोट वर चढते.

नियम मोजकेच असतात, पण ते मोडलेले कोणी खपवून घेत नाही. एकट्याने पाण्यात उतरायचे नाही. ओहोटी लागली असताना पोहायचे नाही, कारण तेव्हा पाणी आत ओढते. आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे नाही. आमच्या मुलीने एकदा लाटेकडे पाठ करून शंख वेचायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या आजींनी लांबूनच हाक दिली, "पाण्याकडे पाठ करू नको गो बाय!" त्या आजी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. पण वाळूवरचे प्रत्येक मूल हे वाळूवरच्या प्रत्येक मोठ्या माणसाचे असते, हा तिथला अलिखित कायदा.

हर्णै बंदरावर मी बैलगाड्या पोटभर पाण्यात उभ्या असलेल्या पाहिल्या. होड्यांतून मासळी उतरवून त्या किनाऱ्याला आणतात. शेतकऱ्याच्या मुलाला ते दृश्य पाहून नवलच वाटेल. बैल लाटेला बिचकत नाहीत, कारण त्यांनाही धन्याने एका दिवसात खोल पाण्यात घातलेले नसते.

पाणी नाही म्हणते तेव्हा

समुद्र कधी देतो, तसा कधी नाहीही म्हणतो. महाराष्ट्रात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. माणसे ओटीवर बसून जाळी विणतात, शिवतात आणि मुले शेजारी बसून गाठ मारायला शिकतात. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की नवा हंगाम सुरू होतो. आपला पोळा आणि त्यांची नारळी पौर्णिमा, दोन्हींत भाव एकच: ज्याच्या जिवावर पोट भरते त्याचे आधी ऋण मानायचे.

ते दोन महिने घरात पैसा कमी असतो, हे मुलांना दिसते. लपवले जात नाही. थांबणे हेसुद्धा कामच आहे, ही शिकवण त्यांना तोंडाने कोणी देत नाही, ती जाळ्याच्या गाठीबरोबर हातात येते.

वेळासची पिल्ले

दापोलीशेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परत जाते. मागे वळून पाहत नाही. पूर्वी ही अंडी कोल्हे, कुत्री आणि माणसेही उकरून नेत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ही अंडी राखायला सुरुवात केली. अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात.

तळहातावर मावणारी ती पिल्ले उचलून थेट पाण्यात का सोडत नाहीत, असे कोणालाही वाटेल. पण गावकरी तसे करत नाहीत. टोपलीतून आणलेली पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि ती स्वतः चालत लाटेपर्यंत जातात. त्या चालण्यातूनच त्या किनाऱ्याची खूण पिल्लात रुजते, असे मानले जाते. माणसे दोन्ही बाजूंना उभी राहतात, कावळा-घारीला हाकलतात, पण पिल्लाला हात लावत नाहीत. आईबापांचे काम याहून निराळे नाही. कुंपण घालायचे, राखण करायची, आणि चालायचे मात्र त्याचे त्याला.

पालगडची आई आणि खानदेश

हे सारे खानदेशाने पूर्वीच ऐकलेले आहे. सानेगुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगडला झाला आणि १९२४ ते १९३० या काळात ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त पोहण्याची एक गोष्ट आहे. पावसाळ्यात कोकणातल्या विहिरी तुडुंब भरतात, गावची मुले पोहायला शिकतात, आणि भित्रा श्याम लपून बसतो. आई त्याला शिमटीने बाहेर काढून विहिरीवर पाठवते आणि मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. एरवी फुलाची कळीही तोडू न देणारी ती माउली इथे एवढी कठोर का झाली, याचा विचार करावा. पोराला पाणी येत नाही, ही गोष्ट तिला वळांपेक्षा जास्त धोक्याची वाटली.

आज कोणी मुलाला मारून पाण्यात घालावे असे मी म्हणणार नाही. भीती मोडायला शिमटीपेक्षा पाठीखालचा आधाराचा हात बरा. पण तिची चिंता मात्र आजही खरी आहे.

आपल्याकडे काय बदलले

आपल्याकडेही पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे विहिरीवर जमत. पाठीला डबा, सुकलेला भोपळा किंवा केळीच्या खोडाचा तुकडा बांधून दोन आठवड्यांत हातपाय मारू लागत. केळीचे खोड पोकळ पदरांचे, त्यात हवा भरलेली, म्हणून ते छान तरंगते. पुढे यावल-रावेर भागात पाण्याचा उपसा वाढला, विहिरींचे पाणी खोल गेले, त्यांची जागा कूपनलिकांनी घेतली. कूपनलिकेत काही पोहता येत नाही. अशा रीतीने पोहता न येणारी एक पिढी आपल्या घरात वाढली.

त्याच काळात शेततळी आली. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाल्यावर राज्यात ती पुष्कळ झाली. शेततळे हे पिकाला वरदान आहे, ते जरूर करावे. पण प्लॅस्टिकचे अस्तर टाकलेले तळे विहिरीहून फसवे असते. त्याचा उतार सौम्य दिसतो, पण ओल्या आणि शेवाळलेल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही आणि हाताला पकड मिळत नाही. पोहणारा मोठा माणूसही तिथून वर येऊ शकत नाही, मग पोराची काय कथा? एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो आणि एका घरातली दोन-तीन माणसे जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत लहान मुलांचा वाटा फार मोठा होता. २५ जुलै हा दिवस त्याच साली संयुक्त राष्ट्रांनी बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, शेततळ्याला चारी बाजूंनी तारेचे कुंपण आणि फाटकाला कुलूप. किल्ली पोरांच्या हाताला लागू नये.

दुसरी, जाड नायलॉनचा दोर हातभर अंतरावर गाठी मारून काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधावा आणि पाण्यात सोडावा. असा दोर चारही बाजूंना हवा. शिवाय हवा भरलेली जुनी ट्यूब दोरीसह काठावर टांगून ठेवावी. खर्च थोडा, पण वेळ आली तर जीव वाचतो.

तिसरी, कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नये. दोर, काठी, लुगडे, उपरणे, जे हाती लागेल ते फेकावे आणि आरोळी द्यावी. हे मुलांकडून चार वेळा करवून घ्यावे.

चौथी, बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. ही कृती प्राथमिक आरोग्य केंद्रातून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

पाचवी, पोहणे शिकवावे ते पायऱ्या असलेल्या, खोली माहीत असलेल्या पाण्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. अस्तराच्या तळ्यात कधीच नाही.

आणि सहावी, मुलींना शिकवावे. धुणे घेऊन नदीवर, पाटावर जातात त्या मुली आणि बाया, आणि पोहायला शिकतात ते मुलगे, ही उफराटी रीत आहे.

आमची मुलगी इकडे आली तेव्हा मुलीची जात विहिरीत उतरते म्हणून भावकीत कुजबुज झाली. तिच्या आईने कोणाला उत्तर दिले नाही, फक्त पंजाबी पोशाखावर ओढणी कमरेला घट्ट बांधून द्यायची आणि स्वतः काठावर बसून राहायची. त्या उन्हाळ्यात तिने धाकट्या भावाला शिकवले आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या चार मुलींना. त्या चौघी आता आपापल्या सासरी आहेत. त्यांतली एक परवा माहेरी आली होती. पदराशी सहा वर्षांची लेक. मला म्हणाली, "काका, आखाजीनंतर हिला पाण्यात घालायची आहे. विहिरीला पाणी कुठे चांगलं आहे ते सांगा."

अशी विहीर प्रत्येक गावात निदान एक तरी राखून ठेवावी, तिच्या पायऱ्या नीट कराव्यात, आणि सुट्टी लागण्याआधी पोरांची यादी करावी.