सफारी, आफ्रिकेतील

सफारी, आफ्रिकेतील : आफ्रिकेतील गवताळ मैदाने, झुडपी जंगले व पाणथळ प्रदेश यांतून जाणकार मार्गदर्शकाच्या सोबतीने, वन्य प्राणी त्यांच्या नैसर्गिक अधिवासात पाहण्यासाठी केलेला प्रवास. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतील असून त्या भाषेत त्याचा अर्थ केवळ ‘प्रवास’ असा आहे. तो ‘सफर’ या अरबी शब्दावरून आला आहे. मराठीत फार्सीच्या द्वारे रूढ झालेला ‘सफर’ हा शब्दही त्याच मुळाचा होय. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अंतर्भागात जाणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या प्रवासास प्रथम हा शब्द लावीत. पुढे यूरोपीय शिकाऱ्यांच्या मोहिमांना तो लावला जाऊ लागला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा मुख्य अर्थ वन्यप्राणिदर्शनाचा प्रवास असा झाला. केन्या, टांझानिया, युगांडा, रूआंडा, झँबिया, झिंबाब्वे, बोट्‌स्वाना, नामिबिया व दक्षिण आफ्रिका हे सफारीसाठी विशेष प्रसिद्ध असलेले देश आहेत.

इतिहास : केवळ शिकार व प्राणिनिरीक्षण यांसाठी आफ्रिकेत काढलेल्या आरंभीच्या मोहिमांत विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस याच्या मोहिमेची गणना होते. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील इंजिनिअर दलाचा अधिकारी. प्रकृतिस्वास्थ्यासाठी केपला गेला असता त्याने १८३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात प्रवास केला, अनेक प्राण्यांची चित्रे काढली आणि काळ्या वर्णाच्या, मागे वळलेल्या लांब शिंगांच्या सेबल या कुरंगाची शास्त्रज्ञांना प्रथमच ओळख करून दिली. त्याचा प्रवासवृत्तांत १८३८ मध्ये मुंबई येथेच छापला गेला.

पूर्व आफ्रिकेत सफारीला व्यवसायाचे रूप आले ते रेल्वेमुळे. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात भारतातून नेलेल्या हजारो मजुरांनी बांधला. १८९८ मध्ये त्साव्हो नदीवरील पुलाचे काम चालू असताना दोन नरभक्षक सिंहांनी अनेक मजुरांचा बळी घेतला. या मार्गावरील नैरोबी हे ठाणे पुढे सफारींचे केंद्र बनले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांची मोहीम १९०९-१० मध्ये पूर्व आफ्रिकेत निघाली. स्मिथ्सोनियन संस्थेसाठी नमुने गोळा करणे हा तिचा उद्देश होता. तीत लहानमोठे मिळून ११ हजारांहून अधिक नमुने जमविण्यात आले. रूझवेल्ट व त्यांचा मुलगा यांनी मिळून ५१२ प्राणी मारल्याची नोंद रूझवेल्ट यांनीच आपल्या ग्रंथात दिली आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा व आफ्रिकी रानरेडा या पाच प्राण्यांना उद्देशून आजही वापरली जाणारी ‘पाच मोठे’ ही संज्ञा शिकारीच्या काळातील आहे. आकाराने मोठे म्हणून नव्हे, तर पायी शिकार करण्यास अत्यंत अवघड व धोक्याचे म्हणून हे प्राणी निवडले गेले.

संरक्षणाचे प्रयत्नही याच काळात सुरू झाले. १८९८ मध्ये ट्रान्सव्हालमध्ये राखून ठेवलेले साबी हे क्षेत्र वाढवून १९२६ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले व १९२७ मध्ये तेथे मोटारीने येणाऱ्या पहिल्या पर्यटकांना प्रवेश देण्यात आला. त्यापूर्वी १९२५ मध्ये तत्कालीन बेल्जियन काँगोत गोरिलांच्या रक्षणासाठी आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान (आताचे विरुंगा) स्थापन झाले होते. केन्यात नैरोबी (१९४६) व त्साव्हो (१९४८), तर टांझानियात सेरेंगेटी (१९५१) ही राष्ट्रीय उद्याने निर्माण झाली. प्राणी न मारता नुसते पाहण्याची आवड वाढू लागल्याचे एक उदाहरण म्हणजे केन्यातील अ‍ॅबरडेअर अरण्यातील ‘ट्रीटॉप्स’ हे झाडावर बांधलेले निवासस्थान (१९३२). तेथील पाणवठ्यावर रात्री येणारे प्राणी वरून पाहता येत. ५ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ तेथे मुक्कामास असतानाच राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले व त्या राणी झाल्या. त्या रात्री, भारत सोडून १९४७ पासून केन्यात राहत असलेले प्रसिद्ध शिकारी व लेखक जिम कॉर्बेट तेथे उपस्थित होते. [→ राष्ट्रीय उद्याने].

मार्गदर्शकाचे कार्य : सफारीचे यश मुख्यतः मार्गदर्शकावर अवलंबून असते. प्राणी दाखविणे, पर्यटकांचे रक्षण करणे आणि पर्यटकांपासून प्राण्यांना उपद्रव होऊ न देणे, अशी त्याची तिहेरी जबाबदारी असते. दक्षिण आफ्रिकेत बहुधा चहूबाजूंनी उघडी वाहने वापरतात व त्यांच्या पुढच्या टोकास बसविलेल्या आसनावर माग काढणारा सहकारी बसतो. पूर्व आफ्रिकेत टप वर उचलता येणाऱ्या बंद मोटारी अधिक रूढ आहेत.

माग काढण्याची विद्या मार्गदर्शकांनी स्थानिक पशुपालक व शिकारी जमातींकडून घेतली आहे. सिंह व बिबट्या यांची नखे चालताना आत ओढलेली असल्याने त्यांच्या पाउलखुणेत नखे उमटत नाहीत. चित्ता व तरस यांच्या पाउलखुणेत ती दिसतात. ठशाच्या कडा कोसळल्या आहेत काय, त्यावर दव पडले आहे काय किंवा त्यावरून किड्यांनी माग काढला आहे काय, यांवरून तो किती वेळापूर्वीचा आहे हे ठरविता येते. इतर प्राण्यांचे वर्तनही बोलके असते. बॅबून माकडांचे भुंकणे, इंपाला कुरंगांचे फुरफुरणे किंवा जिराफांनी एकाच दिशेस रोखलेली नजर यांवरून हिंस्र पशूची चाहूल लागते. आकाशात घिरट्या घालणाऱ्या गिधाडांपेक्षा एकामागून एक खाली उतरणारी गिधाडे महत्त्वाची. ती मृत जनावर कोठे आहे ते दाखवितात.

प्राण्याची मनःस्थिती ओळखणे हा या विद्येचा सर्वांत अवघड भाग होय. कान पसरून, मस्तक उंचावून धावत येणारा हत्ती पुष्कळदा नुसती धमकी देत असतो. कान मागे घेऊन व सोंड आत वळवून येणारा हत्ती खरोखर हल्ला करण्याचा संभव अधिक असतो. गंडस्थळातून मद स्रवणाऱ्या नरापासून दूर राहावे लागते. आशियाई हत्तीचा माज भारतीयांना प्राचीन काळापासून ठाऊक असला, तरी आफ्रिकी हत्तीतही तशीच अवस्था असते हे अँबोसेली येथील निरीक्षणांवरून जॉइस पूल व सिंथिया मॉस यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले.

नित्य वाहने पाहणाऱ्या प्राण्यांना त्यांची सवय होते. वाहन व त्यातील माणसे मिळून त्यांना एकच आकृती वाटत असावी. मात्र कोणी उभे राहिल्यास, खाली उतरल्यास किंवा मोठ्याने बोलल्यास ही आकृती बदलते व प्राणी बिथरतो. म्हणून बसून राहणे व शांतता पाळणे हे सफारीचे पहिले नियम आहेत. पायी सफारीत हे संरक्षण नसते. तीत वाऱ्याची दिशा सतत तपासावी लागते, एका रांगेत चालावे लागते व पुढे सशस्त्र रक्षक असतो. पायी सफारीचा पाया झँबियातील (तत्कालीन उत्तर ऱ्होडेशिया) लुआंग्वा खोऱ्यात नॉर्मन कार याने घातला.

प्राणिदर्शनाचा काळ : बहुतेक सफारी सूर्योदयाच्या सुमारास व सायंकाळी निघतात. दुपारच्या उन्हात सिंह, बिबटे इ. प्राणी सावलीत निजून असतात. दक्षिण आफ्रिका खंडविभागात जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ प्राणिदर्शनास उत्तम. गवत वाळून विरळ झालेले असते व उरलेल्या पाणवठ्यांवर प्राणी गोळा होतात. पावसाळ्यात ते विखुरतात. परंतु नवजात पाडसे व स्थलांतर करून आलेले पक्षी याच काळात दिसतात.

सेरेंगेटी (सु. १४,७६३ चौ. किमी.) व केन्यातील त्याला लागून असलेले मसाई मारा (सु. १,५१० चौ. किमी.) यांच्या प्रदेशात होणारे स्थलांतर हे सफारीचे सर्वांत मोठे आकर्षण आहे. सु. १३ लाख विल्डबीस्ट (नू), सु. दोन लाख झीब्रे व अनेक गझेल हरणे पाऊस व कोवळे गवत यांच्या मागोमाग वर्षभर फिरत असतात. जानेवारी ते मार्च या काळात हे कळप दक्षिणेकडील, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मैदानांवर असतात. तेथील आखूड गवत कॅल्शियम व फॉस्फरस यांनी समृद्ध असल्याने व्यालेल्या माद्यांना पोषक ठरते. बहुतेक पाडसे दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत जन्मतात. एकाच वेळी इतकी पाडसे आल्याने हिंस्र पशूंना त्यांतील थोडीच मारता येतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात कळप मारा नदीच्या आसपास असतात. तेथे नदी ओलांडताना अनेक प्राणी बुडून किंवा मगरींच्या तोंडी पडून मरतात.

आज सनातन वाटणारे हे दृश्य वस्तुतः तसे नाही. १८९० च्या दशकात गुरांबरोबर आलेल्या बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतील गुरे व रवंथ करणारे वन्य प्राणी प्रचंड संख्येने मेले व पशुपालक जमातींवर उपासमार ओढवली. त्यानंतर आलेल्या यूरोपीयांना जो प्रदेश निर्मनुष्य वाटला, तो पुष्कळ अंशी या आपत्तीने ओस पडला होता. गुरांना लस टोचून रोग आटोक्यात आणल्यावर विल्डबीस्टांची संख्या १९६१ मधील सु. अडीच लाखांवरून १९७७ पर्यंत सु. १३ लाखांवर गेली.

शिकार व संरक्षण : केन्याने १९७७ मध्ये शिकारीवर पूर्ण बंदी घातली. तथापि हस्तिदंताच्या चोरट्या व्यापारामुळे तेथील हत्ती १९७३ मधील सु. १ लाख ६७ हजारांवरून १९८९ पर्यंत सु. १६ हजारांवर आले. १९८९ मध्ये केन्याने नैरोबी येथे १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले व त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. टांझानिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिका इ. देशांत परवाना घेऊन शिकार करण्याची पद्धत चालू राहिली. बोट्‌स्वानाने २०१४ मध्ये घातलेली शिकारबंदी २०१९ मध्ये उठविली. केवळ बंदी किंवा केवळ परवाना यांपेक्षा, वन्य प्राणी जिवंत राहण्यात स्थानिक लोकांचे हित आहे की नाही, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो, असे या अनुभवांवरून दिसते.

स्थानिक समाज : अनेक उद्याने तेथील रहिवाशांना हलवून निर्माण केली गेली. मसाई पशुपालकांना १९५९ मध्ये सेरेंगेटी सोडावे लागले. त्यांच्यासाठी शेजारचे एन्गोरोंगोरो क्षेत्र वेगळे काढून तेथे मनुष्यवस्ती, गुरे व वन्य प्राणी यांच्या सहवासाची तरतूद करण्यात आली. परंतु पुढे तेथेही शेती व चराई यांवर बंधने आली. २०२२ मध्ये शेजारच्या लोलिओंडो भागातील सु. १,५०० चौ. किमी. जमीन चराईसाठी बंद करण्याच्या निर्णयावरून मसाई व शासन यांच्यात संघर्ष झाला. पर्यटक ज्या भूमीला निर्मनुष्य रान समजून पाहावयास येतो, ती कोणाच्या तरी पूर्वजांची चराऊ कुरणे असतात. रात्री सिंहाने मारलेली गाय किंवा हत्तीने तुडविलेले शेत यांची झळ पर्यटकाला नव्हे, तर शेजारच्या गावाला बसते.

या विषमतेवर काही उपाय झाले आहेत. लुआंग्वा खोऱ्यात १९५० मध्ये कार याने एन्सेफू या प्रमुखाच्या सहकार्याने असा तळ उभारला, की ज्याचे उत्पन्न तेथील लोकांना मिळे. झिंबाब्वेत १९८९ पासून वन्य प्राण्यांपासूनच्या उत्पन्नात ग्रामीण समाजांना वाटा देणारी योजना राबविण्यात आली. नामिबियात १९९६ च्या कायद्याने सामाईक जमिनीवरील लोकांना, संरक्षणमंडळ स्थापन केल्यास, वन्य प्राणी व पर्यटन यांवर हक्क देण्यात आले. मसाई माराभोवती जमीनमालक आपल्या जमिनी सफारीव्यवसायासाठी भाड्याने देतात. त्यांना नियमित रक्कम मिळते व वाहने आणि तंबू यांच्या संख्येवर मर्यादा राहते. या पद्धतीचा कच्चा दुवाही २०२० च्या कोव्हिड महासाथीत उघड झाला. पर्यटक थांबताच भाडे, वेतने व गस्त या सर्वांचाच आधार तुटला.

पर्यटनाचा उपद्रव : प्राणी पाहण्याने त्यांना इजा होत नाही, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. एखादा चित्ता दिसताच मार्गदर्शक बिनतारी यंत्रणेवरून एकमेकांना कळवितात व थोड्याच वेळात वाहनांचा गराडा पडतो. चित्ता दिवसा शिकार करणारा असल्याने त्याला याचा विशेष त्रास होतो. मसाई मारा परिसरातील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची प्रत्येक वेतातील सरासरी २.३ पिले वाढून स्वतंत्र होत, तर जास्त वर्दळीच्या भागात हे प्रमाण केवळ ०.२ आढळले. म्हणून वाहनांची संख्या, प्राण्यापासूनचे अंतर व थांबण्याचा वेळ यांवर अनेक उद्यानांत मर्यादा घालण्यात आल्या आहेत. मात्र चित्ता न दाखविता परत आणणाऱ्या मार्गदर्शकाला बक्षिशी कमी मिळते. त्यामुळे नियमांचे पालन पर्यटकांच्या अपेक्षेवरही अवलंबून राहते. पर्वतीय गोरिलांच्या बाबतीत ही मर्यादा सर्वांत कडक आहे. रूआंडात एका गोरिलाकुटुंबाजवळ दिवसातून एकदाच, आठ पर्यटकांना, एक तासापुरता प्रवेश देण्याची पद्धत असून २०१७ मध्ये त्यासाठीचे शुल्क माणशी १,५०० डॉलर करण्यात आले. थोड्या लोकांकडून अधिक उत्पन्न, असे हे धोरण आहे.

भारतात ‘सफारी’ ही संज्ञा दोन अर्थांनी रूढ आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील सिंह व व्याघ्र सफारीत कुंपण घातलेल्या क्षेत्रात पाळलेले प्राणी दाखविले जातात. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात मात्र उघड्या वाहनातून, स्थानिक मार्गदर्शकासह, मुक्त प्राणी पाहता येतात. ही सफारी आफ्रिकी पद्धतीला जवळची होय. वाघाभोवती होणारी वाहनांची गर्दी आणि जंगलालगतच्या गावांना मिळणारा उत्पन्नाचा वाटा, हे आफ्रिकेत उद्भवलेले दोन्ही प्रश्न तेथेही उपस्थित झाले आहेत.