कोंबडी बर्फातून केव्हा काढावी?

श्रावण उंबरठ्यावर आला की कोयनानगरच्या स्वयंपाकघरांतही सामिष भोजनाची घाई उसळते. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असल्यामुळे कुंभार्ली घाट चढून येणारी ताजी मासळी या दिवसांत दुर्मिळ होते. साहजिकच कऱ्हाडहून वा चिपळूणहून आणलेली गोठवलेली कोंबडी कामास येते. आषाढ अमावास्येची तिथी पंचांगात कितीतरी आधी छापलेली असते. पण कोंबडी फ्रीजरमधून बाहेर काढायची आठवण मात्र त्याच सकाळी होते! मग ती ओट्यावर ठेवली जाते, नाहीतर तिच्यावर कढत पाणी ओतले जाते.

धोका नेमका येथेच आहे. अतिशीत तापमानात जंतू मरत नाहीत, केवळ निपचित पडतात. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा पट्टा असून, अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. ओट्यावरच्या कोंबडीचे पोट बर्फासारखे घट्ट असते, तेव्हा तिची कातडी कधीच या पट्ट्यात शिरलेली असते. बाहेर धुवांधार पाऊस आहे म्हणून हवा थंड, ही समजूत व्यर्थ होय. माणसाला गारवा वाटणारे वीस-बावीस अंश जंतूंना पुरेसे ऊबदार असतात.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी घरोघरी टर्की शिजते. सहा-सात किलोंचा तो पक्षी फ्रीजमध्ये वितळण्यास तीन दिवस लागतात. दर दोन-सव्वादोन किलोंना एक अहोरात्र, असा तेथील हिशेब आहे. अशा शंकांच्या निरसनासाठी तेथील कृषिखात्याने १९८५ मध्ये दूरध्वनी सेवाच सुरू केली. आपल्या दीड किलोच्या कोंबडीला एक दिवस पुरे. आदल्या दिवशी सकाळी ती फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवावी. वरच्या कप्प्यात ठेवल्यास तिचे पाणी खालच्या कोथिंबिरीवर ठिबकते, आणि कोथिंबीर तर कच्चीच खाल्ली जाते.

घाई असेल तर घट्ट बांधलेल्या पिशवीतून ती थंड पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. दोन-तीन तासांत काम होते. मात्र नंतर ती लगेच शिजवली पाहिजे.

पावसात वीज जाण्याचाही विचार हवा. ज्या नदीच्या नावाने १,९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प ओळखला जातो, तिच्या काठीही तारेवर झाड कोसळले की अंधार होणारच! दार न उघडल्यास फ्रीज सुमारे चार तास थंडावा धरतो आणि गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस.

आणि आठवणच राहिली नाही, तर? सुटे गोठवलेले तुकडे सरळ रश्श्यात टाकता येतात. शिजण्यास सुमारे दीडपट वेळ लागतो, इतकेच. हाडाजवळचा भाग लालसर दिसला, तर पाहुणे ताटावर बसलेले असले तरी पातेले पुन्हा चुलीवर चढवावे.