आत्मसन्मान, मादकद्रव्यसेवन व अवसाद

आत्मसन्मान, मादकद्रव्यसेवन व अवसाद : स्वतःच्या योग्यतेविषयी व्यक्तीच्या मनात असलेली मूल्यभावना म्हणजे आत्मसन्मान. उणा आत्मसन्मान, मद्यादी मादक द्रव्यांचे सेवन आणि पुढील वयात उद्भवणारा अवसाद (दीर्घकाळ टिकणारी विकृत खिन्नता) यांचा परस्परसंबंध हा मनोविकारविज्ञानातील महत्त्वाचा विषय होय. या तिहींपैकी कारण कोणते व परिणाम कोणता, हे सर्व व्यक्तींच्या बाबतीत सारखे नसते. स्त्री-पुरुषांत तो क्रम अनेकदा निराळा आढळतो आणि उपचारांची दिशा त्यावर अवलंबून असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८४२–१९१०) याने १८९० मध्ये आत्मसन्मान म्हणजे प्राप्त यश व आकांक्षा यांचे गुणोत्तर, असे सूत्र मांडले. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातील पाच हजारांवर शालेय विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६५ मध्ये दहा विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे. आत्मसन्मान उणा असलेल्या मुलामुलींत खिन्नतेचे प्रमाण अधिक असल्याचे त्याला आढळले. उणा आत्मसन्मान अवसादाला वाट करून देतो, की अवसाद आत्मसन्मानाची झीज घडवितो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. दीर्घकालीन पाहणीच्या ७७ अभ्यासांचा २०१३ मध्ये एकत्रित विचार करण्यात आला. दोन्ही परिणाम संभवत असले, तरी पहिला अधिक प्रबळ असल्याचे त्यात दिसून आले.

अवसादाचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते व ही तफावत पौगंडावस्थेत सुरू होते. सूझन नोलेन-होएक्सेमा हिच्या मते दुःखाच्या प्रसंगी स्त्रिया त्याच विचारांचे मनात चर्वण करीत राहतात, तर पुरुष मन अन्यत्र वळवितात. मद्यपान हे असे मन वळविण्याचेच एक घातक साधन होय. तथापि पुरुषांचा अवसाद मद्यपानाआड झाकला जात असावा, अशीही शंका घेतली जाते. पेनसिल्व्हेनियातील अमिश या धर्मनिष्ठ पंथात मद्यपान नगण्य आहे. तेथील १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्त्री-पुरुषांतील अवसादाचे प्रमाण जवळजवळ सारखे आढळले. मात्र एवढ्या एका लहान समाजावरून सार्वत्रिक निष्कर्ष काढता येत नाही.

मद्य स्वतःही अवसाद निर्माण करते. अमेरिकेत उपचारार्थ दाखल झालेल्या १९१ मद्यासक्त पुरुषांच्या १९८८ मधील अभ्यासात प्रारंभी ४२ टक्के रुग्णांत तीव्र अवसादलक्षणे होती. चार आठवडे मद्य वर्ज्य केल्यावर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. म्हणजे बहुतेकांची खिन्नता मद्यजन्य होती, उरलेल्या थोड्यांना मात्र स्वतंत्र उपचारांची गरज होती. स्त्रियांच्या शरीरात जलांश कमी असल्याने तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण अधिक वाढते. शिवाय आरंभापासून व्यसनाधीनतेपर्यंतचा काळ त्यांच्यात अनेकदा कमी असतो. अवसाद आधी व मद्यपान नंतर, हा क्रमही त्यांच्यात तुलनेने अधिक आढळतो.

भारतातील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील २७.३ टक्के पुरुष व १.६ टक्के स्त्रिया मद्यपान करीत होत्या. स्त्रियांचे प्रमाण अल्प असले, तरी लोकनिंदेच्या भयाने त्या व्यसन लपवितात व उपचारांस उशिरा येतात. या लज्जेने आत्मसन्मान आणखी खचतो आणि अवसाद व व्यसन यांचे चक्र दृढ होते. पुरुषाच्या बाबतीत समाज व्यसन पाहतो, खिन्नता पाहत नाही. स्त्रीच्या बाबतीत नेमके उलट घडते. म्हणून व्यसनी पुरुषास खिन्नतेविषयी व खिन्न स्त्रीस व्यसनाविषयी, दोष न देता विचारणे निदानाच्या दृष्टीने आवश्यक ठरते. दीर्घकाळचे मद्यपान एकाएकी थांबविल्यास झटके व भ्रम उद्भवू शकतात. त्यामुळे ते वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावे लागते. त्यानंतर काही आठवड्यांनी मनःस्थितीची पुन्हा तपासणी करतात. मात्र आत्महत्येचे विचार असल्यास तेवढे न थांबता तत्काळ उपचार करावे लागतात. व्यसनमुक्तीबरोबरच काम, नातेसंबंध व स्वतःविषयीचा आदर यांची पुनःस्थापना झाली, तर सुधारणा टिकून राहण्यास मदत होते.