फोनचा शब्द वाटेत कसा सांभाळतात

वैरागच्या पेठेत उभे राहून फोन लावला, तर बोलणे स्वच्छ ऐकू येते. तोच फोन घेऊन शेतात गेले, ओढ्याच्या खोलगटात उतरले, की आवाज तुटू लागतो. फोटो जात नाही. पुष्कळ जण म्हणतात, फोन बिघडला. बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो. त्या वेळी फोन आणि टॉवर मिळून एक हिशेब करीत असतात. तो हिशेब कोणता, ते आपण पाहू.

आपला आवाज टॉवरकडे आवाज म्हणून जात नाही. फोन त्याचे आकडे करतो. आकडेही दोनच, 0 आणि 1. बोलणे असो, पैसे पाठवणे असो, नाहीतर नातवाचा फोटो असो, सगळे या दोन आकड्यांत लिहिलेले असते. हे आकडे रेडिओच्या लहरींवर बसून हवेतून जातात. वाटेत टेकडी येते, झाडी येते, दुसऱ्या टॉवरच्या लहरी येऊन मिसळतात. मग कुठे 0 चा 1 होतो, कुठे 1 चा 0 होतो.

ही चूक दुरुस्त कशी करायची? आपल्या घरचाच हिशेब घ्या. चिठ्ठीवर लिहिले आहे : ज्वारी 4 पोती, तूर 3 पोती, हरभरा 5 पोती, एकूण 12. चिठ्ठी पावसात भिजली आणि तुरीचा आकडा पुसला. काही बिघडत नाही. ज्वारी आणि हरभरा मिळून 9. एकूण 12. म्हणजे तूर 3 पोती. खाली बेरीज लिहिली होती, म्हणून पुसलेला आकडा परत मिळाला.

पण दोन आकडे पुसले तर? मग एका बेरजेने भागत नाही. म्हणून शहाणा माणूस आणखी एक बेरीज लिहून ठेवील : ज्वारी आणि तूर मिळून 7. आता तूर आणि हरभरा दोन्ही पुसले तरी सापडतात. 7 मधून 4 गेले, तूर 3. 12 मधून 7 गेले, हरभरा 5. मात्र ज्वारी आणि तूर हे दोन पुसले, तर ही बेरीज कामाची नाही. करून पाहा म्हणजे पटेल. कोणत्या बेरजा लिहिल्या म्हणजे जास्तीत जास्त चुका निघतील, यातच या विद्येचे सारे मर्म आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलो, पण बेरीज-वजाबाकी येणाऱ्याला हे समजते, असा आमचा अनुभव आहे.

फोनही खऱ्या आकड्यांबरोबर असे जादा आकडे पाठवतो. आपण त्यांना राखणदार आकडे म्हणू. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. त्यांनी 1950 साली एक रीत प्रसिद्ध केली. चार खऱ्या आकड्यांना तीन राखणदार जोडले, की सातांत कुठेही एक चूक झाली तरी ती नेमकी कुठे झाली ते कळते, आणि तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. आज याहून पुष्कळ पुढच्या रीती आहेत.

पण राखणदार फुकट मिळत नाहीत. कुंभार गाडीत मडकी भरतो तेव्हा मध्ये भुसकट घालतो. रस्ता खराब असेल तर भुसकट जास्त, म्हणून मडकी कमी मावतात. रस्ता चांगला असेल तर भुसकट थोडे, मडकी जास्त. नेहमीच जास्त भुसकट घातले, तर चांगल्या रस्त्यावर फेऱ्या वाया जातील. नेहमीच थोडे घातले, तर खराब रस्त्यावर मडकी फुटतील. म्हणून आधी रस्ता पाहिला पाहिजे.

फोनच्या कामात रस्ता पाहतो तो फोनच. टॉवरकडून येणाऱ्या लहरी किती स्वच्छ येत आहेत हे तो मोजतो, आणि टॉवरला एक आकडा कळवतो. फोर-जीच्या मूळ कोष्टकात हा आकडा 0 ते 15 असतो. शाळेतले गुणच म्हणा ना! 15 म्हणजे वाट उत्तम. तिथे पाठवलेल्या 1024 आकड्यांत 948 खरे असतात, बाकीचे 76 राखणदार. 1 म्हणजे वाट फार वाईट. तिथे 1024 मध्ये खरे फक्त 78, आणि राखणदार 946! 0 म्हणजे धड काहीच पोचत नाही. हा गुण सेकंदात कितीतरी वेळा कळवला जातो, आणि टॉवर सेकंदाच्या हजाराव्या भागाला नवा निर्णय घेऊ शकतो. तुम्ही ओढ्यातून बांधावर चढता तेवढ्यात शेकडो वेळा हिशेब बदललेला असतो. (एका वेळी लहरीवर किती आकडे लादायचे, हेही यात बदलते. ते येथे सोडून देऊ.)

इतके करूनही अंदाज चुकतोच. आकड्यांचे गठ्ठे पाठवताना दहात एखादा गठ्ठा पहिल्या खेपेला नासला तरी चालेल, असे धरूनच टॉवर काम करतो. फोन तो नासलेला गठ्ठा टाकून देत नाही, जपून ठेवतो. टॉवर आणखी राखणदार पाठवतो. जुने आणि नवे जुळवून फोन खरा मजकूर काढतो.

आता घरावरची टीव्हीची डिश बघा. जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोन होतात आणि चित्र जाते. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून साऱ्या देशाला एकच कार्यक्रम पाठवतो. डिश फक्त ऐकते, उलट काही कळवत नाही. वैरागला पाऊस आहे, हे वर कळणार कसे? म्हणून किती राखणदार लावायचे ते आधीच ठरलेले असते. फोन बोलतो, म्हणून त्याला सवलत मिळते.

2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाचा फोटो शेतात उभे राहून काढावा लागतो. शेत खोलगटात असेल तर फोटो जाता जात नाही, कारण जाणाऱ्या आकड्यांत राखणदारच जास्त असतात. फोटोसाठी उगाच पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. उंचवट्यावर यावे, तिथे तो लवकर जातो. टॉवरचा वेळ सर्वांत वाटलेला असतो, म्हणून गर्दी असली की फोनवर सगळ्या काड्या दिसूनही काम सावकाश होते. तो प्रकार निराळा.

रात्री शेतात कोणाला साप चावला आणि 108 ला फोन लावला, तर उंचवट्यावर उभे राहा. आवाज तुटत असेल तर आधी गावाचे नाव, मग वस्ती, मग रस्ता सांगा, आणि तेच पुन्हा एकदा सांगा. पलीकडच्याकडून ते परत म्हणवून घ्या.