चार हातांत मावलेला वाद्यवृंद

हुबळीहून धारवाडकडे जाताना उणकलचं तळं लागतं. याच उणकलात डॉ. गंगूबाई हनगल यांच्या नावाचं गुरुकुल आहे. ख्यालाच्या तालमीत गाणं गुरूच्या गळ्यातून थेट शिष्याच्या कानात जातं. गंगूबाई स्वतः हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जात आणि शिकलेलं कंठात साठवून परत येत. एका गळ्याचं गाणं असं दुसऱ्या गळ्यात बसवून घरी आणता येतं. पण ज्या संगीताला ऐंशी-नव्वद वादक लागतात, ते घरी कसं आणायचं?

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपसमोर हा प्रश्न रोजचा होता. बेथोवनची सिंफनी ऐकायची तर मोठं शहर हवं, सभागृह हवं, पदरी वाद्यवृंद हवा. लहान गावातल्या रसिकाला ती आयुष्यात एकदा ऐकायला मिळाली तरी भाग्य. मध्यमवर्गीय घरात मात्र पियानो असे, आणि तो वाजवणाऱ्या दोन बहिणी, मायलेकी किंवा मित्र असत. म्हणून प्रकाशकांनी सिंफनी एकाच पियानोवर चार हातांनी वाजवता येईल अशा बेतानं लिहवून घेतल्या. बेथोवनचा शिष्य कार्ल चेर्नी यानं गुरूच्या नऊही सिंफनी अशा उतरवल्या. पुढे हायडन, मोझार्ट, शूबर्ट, शुमान, कोणी म्हणून सुटला नाही.

या वह्यांची मांडणी मोठी डौलदार. डाव्या पानावर खालच्या सप्तकांत बसणाऱ्याचा भाग, त्याला ‘सेकंदो’ म्हणतात. उजव्या पानावर वरच्या सप्तकांतला ‘प्रीमो’. दोघं एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसतात. पेडल सेकंदोच्या पायाखाली, म्हणजे प्रीमोचा सूर किती लांबवायचा हे शेजाऱ्याच्या हाती. खरी अडचण मधोमध येते. प्रीमोचा डावा अंगठा आणि सेकंदोचा उजवा अंगठा कित्येकदा एकाच पट्टीवर येऊ पाहतात. कोणी कधी हात उचलायचा हे आधी ठरवावं लागतं. मोझार्टच्या कुटुंबाचं 1780च्या सुमाराचं प्रसिद्ध चित्र आहे, त्यात वोल्फगांग आणि बहीण नानर्ल एकाच वाद्यापाशी बसलेत आणि त्यांचे हात एकमेकांवरून ओलांडून गेलेत. चार हातांच्या वादनाची सगळी गंमत आणि जवळीक त्या चित्रात दिसते.

ही उतरवणी म्हणजे नक्कल नव्हे. व्हायोलिनचा सूर गज फिरतोय तोवर टिकतो, पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरू लागतो. मग लांब स्वर धरायचा तर तो थरथरत्या जलद आवृत्तींनी भरायचा, की मोकळा सोडून ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर विसंबायचं? ओबो आणि क्लॅरिनेट एकच सप्तक वाटून घेतात, तिथे दोघांचा रंग वेगळा कसा दाखवायचा? काय गाळायचं हे ज्याला कळतं तोच हे काम नीट करतो, म्हणून चांगल्या संगीतकारांनी ते दुय्यम मानलं नाही. ब्राम्सनं आपल्या चारही सिंफनी एका किंवा दोन पियानोंवरच्या चार हातांसाठी स्वतः लिहिल्या. त्याच्या चौथ्या सिंफनीचा आरंभ पाहावा: वर व्हायोलिनची उतरती-चढती धून, मध्ये फुंकवाद्यांचे ठेक्याबाहेरचे प्रतिसाद, खाली व्हिओला-चेलोच्या लाटा. वाद्यवृंदात हे तीन थर एकत्र कानावर येतात. वाजवणाऱ्याला मात्र ते बोटांनी वेगळे धरावे लागतात, आणि ब्राम्सची वीण कुठे कशी बांधली आहे ते तेव्हा उमगतं.

याच सिंफनीची पहिली परीक्षाही पियानोवरच झाली. ऑक्टोबर 1885मध्ये, वाद्यवृंदानं ती वाजवण्याआधी, व्हिएन्नात ब्राम्स आणि इग्नात्स ब्र्यूल यांनी दोन पियानोंवर ती निवडक मित्रांना ऐकवली. पानं उलटायला समीक्षक हान्सलिक होता. पहिला भाग संपल्यावर कोणी बोलेना. दोन अतिहुशार माणसं आपल्याला बडवून काढताहेत असं वाटलं, अशा अर्थाचं हान्सलिक म्हणाला. चरित्रकार काल्बेक यानं तर तिसरा भाग काढूनच टाकण्याचा सल्ला दिला. ब्राम्सनं एकही भाग काढला नाही. त्याच महिन्यात माइनिंगनला वाद्यवृंदानं ती वाजवली आणि लोकांनी डोक्यावर घेतली.

ब्रुकनरची कहाणी आणखी हृद्य आहे. 16 डिसेंबर 1877 रोजी व्हिएन्नात त्याची तिसरी सिंफनी त्याच्याच संचालनाखाली झाली आणि शेवट येईपर्यंत बहुतेक सभागृह रिकामं झालं. थांबलेल्या मूठभर लोकांत थिओडोर रेटिग नावाचा प्रकाशक होता. खचलेल्या ब्रुकनरला त्यानं ती छापण्याचा शब्द दिला. चार हातांची प्रत तयार करण्यात सतरा वर्षांच्या गुस्ताव माहलरचा हात होता. ती 1880मध्ये निघाली आणि माहलरचं नाव पहिल्यांदा छापील संगीताशी जोडलं गेलं. त्याच वर्षी पुण्यात आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. त्यातली पदं घरोघर पोचायला छापील वही लागली नाही, गुणगुणणारे गळे पुरे पडले. सिंफनीला ती सोय नव्हती.

पुढच्या पिढीत या वह्यांनी भविष्याची चाहूलही दिली. जून 1912मध्ये पॅरिसजवळ लुई लालोआच्या घरी स्ट्राविन्स्की आणि देब्युसी एका पियानोपाशी बसले आणि ‘वसंताचा विधी’ हे नवं नृत्यसंगीत त्यांनी वाजवलं. खालची बाजू देब्युसीकडे होती. प्रत्यक्ष प्रयोगात गदारोळ झाला तो 29 मे 1913ला. चार हातांची प्रत त्याच वर्षी छापून आली, वाद्यवृंदाची मात्र 1921मध्ये. आठ वर्षं जगानं ही रचना पानावर पाहिली ती पियानोच्या रूपात.

मग ग्रामोफोन आला, रेडिओ आला आणि बाकावरची जोडी उठून गेली. हुबळीत त्याच ग्रामोफोननं उलटं दान दिलं. लहानपणी गंगूबाई रेकॉर्डी ऐकायला धावत, आणि गदगचा भीमसेन नावाचा मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी रेकॉर्डवर ऐकून गाण्याच्या शोधात घराबाहेर पडला. यंत्रानं इथे गाणारे घडवले. युरोपात त्यानं घरचे वाजवणारे मोठ्या संख्येनं ऐकणारे करून टाकले, आणि हे नुकसान लहान नाही.

तरी या कलेनं एक कामगिरी बजावली, जी यंत्राला जमली नसती. शोस्टाकोविचनं 1936मध्ये सरकारी रोषाच्या छायेत आपली चौथी सिंफनी तालमी चालू असताना मागे घेतली. मूळ हस्तलिखित युद्धकाळात हरवलं. वाद्यवृंदाला बंद असलेली ही रचना दोन पियानोंच्या रूपात मात्र 1946मध्ये थोड्या प्रतींत छापली गेली, आणि शोस्टाकोविच व मित्र मिचिस्वाव वाइनबर्ग यांनी ती जाणकारांना वाजवून दाखवली. वादकांच्या सुट्या प्रती सापडून ती पुन्हा जुळवली गेली आणि 30 डिसेंबर 1961ला मॉस्कोत तिचा पहिला प्रयोग झाला. याच दोघांनी दहावी सिंफनी चार हातांनी वाजवली, तिचं 1954चं ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. दुसऱ्या भागात दोघं जो वेग धरतात, तो भल्याभल्या वाद्यवृंदांना धाप लावील.