दाढीच्या पेटीचा हिशेब

मलकापूर, नांदुरा, खामगाव किंवा चिखली येथील बाजारपेठेतल्या कोणत्याही किराणा दुकानात गल्ल्याच्या मागे पाहिले, तर शाम्पूच्या पुड्यांच्या माळांशेजारी प्लास्टिकच्या रेझरचे पुठ्ठे टांगलेले दिसतात. ग्राहक त्यातला एक काढून घेतो, काही दिवस वापरतो आणि कचऱ्यात टाकतो. त्याच दुकानात वरच्या फळीवर दुधारी पात्यांची लहान, कागदात गुंडाळलेली पाकिटेही असतात. ती मागणारे बहुतेक वयस्कर गृहस्थ असतात किंवा केशकर्तनालयाचे चालक.

मात्र अलीकडे काही तरुणही ही पाकिटे मागू लागले आहेत. आजोबांच्या पेटीतला पितळी रेझर घासूनपुसून पुन्हा वापरात आणण्याची हौस अनेकांना वाटू लागली आहे. खर्च कमी होतो, कचरा घटतो आणि त्वचेलाही आराम पडतो, अशी तिची कारणे आहेत. ही कारणे खरी आहेत. परंतु जैन घरात हा बदल करताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. जुन्या पेटीतल्या वस्तू नेमक्या कशापासून बनलेल्या होत्या?

वस्तऱ्यापासून काडतुसापर्यंत

वऱ्हाडातील गावगाड्यात दाढीचे काम नाभिक बलुतेदाराकडे असे. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, धार लावण्याचा दगड, चामड्याचा पट्टा आणि पाण्याची वाटी एवढेच साहित्य असायचे. एक वस्तरा वर्षानुवर्षे चाले. मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळे. या व्यवस्थेत फेकून देण्यासारखी वस्तू जवळजवळ नव्हतीच.

फेकून देण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, दुधारी, धार गेल्यावर बदलता येणाऱ्या पात्याचा रेझर तयार केला आणि १९०४ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. घरी परतलेल्या सैनिकांनी ती सवय सोबत नेली आणि स्वतःच्या हाताने दाढी करण्याची पद्धत जगभर पसरली. स्वातंत्र्यानंतर भारतातही पात्यांचे मोठे कारखाने उभे राहिले. ठाण्यातील विद्युत मेटॅलिक्सची पाती देशातच नव्हे, तर परदेशांतही विकली गेली.

तोपर्यंत फेकले जाई ते फक्त पोलादाचे पाते. रेझर मात्र राही. १९७१ साली दोन पात्यांचे काडतूस बाजारात आले आणि १९७५ च्या सुमारास संपूर्ण रेझरच टाकून देण्याची पद्धत आली. पुढे १९९८ साली तीन पाती व २००६ साली पाच पाती एका काडतुसात बसविली गेली. या काडतुसात पोलाद, प्लास्टिक आणि रबर एकमेकांत इतके घट्ट जोडलेले असतात की ते वेगळे करणे भंगारवाल्यालाही परवडत नाही. १ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरून टाकण्याच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. तिच्या यादीत पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ आहेत, पण रेझर नाही. म्हणून हा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा आहे.

वहीतला हिशेब

व्यापारी घराला आकडे सांगितल्याशिवाय गोष्ट पटत नाही. समजा, एक गृहस्थ दिवसाआड दाढी करतो. वर्षाला सुमारे १८० दाढ्या झाल्या. एक दुधारी पाते पाच दाढ्या चालले तर वर्षाला ३६ पाती लागतील. पात्याला ४ रुपये धरले तर खर्च १४४ रुपये होतो. आता अनेक पात्यांचे काडतूस दहा दाढ्या टिकले आणि त्याला १५० रुपये पडले असे धरू. वर्षाला १८ काडतुसे लागतील आणि खर्च २,७०० रुपये होईल. धातूचा चांगला रेझर हजार रुपयांना घेतला तरी पहिल्याच वर्षी तो वसूल होतो. बाजारभावाप्रमाणे हे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण अंतर राहीलच.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१० साली जिलेटने भारतासाठी एकाच पात्याचा स्वस्त रेझर आणला. तेव्हा रेझरची किंमत १५ रुपये आणि बदलण्याच्या काडतुसाची ५ रुपये होती. असा रेझर वापरणाऱ्याची जुन्या पद्धतीकडे वळून फारशी बचत होणार नाही. त्याच्यापुरता प्रश्न पैशाचा उरत नाही. टाकलेले प्लास्टिक जाते कोठे, एवढाच उरतो.

त्वचेचाही हिशेब आहे. अनेक पात्यांच्या काडतुसात पहिले पाते केस ओढून कापते आणि मागची पाती तो त्वचेच्या पातळीच्याही खाली छाटतात. कुरळ्या, राठ केसांच्या माणसांत असा केस पुढे त्वचेच्या आतच वाढू लागतो आणि तेथे पुटकुळ्या येतात. एकच पाते केसांच्या वाढीच्या दिशेने फिरविल्यास हा त्रास पुष्कळांचा कमी होतो.

पेटीतले तीन प्रश्न

परंपरा म्हटली की ती शुद्धच असणार, असा आपला समज असतो. दाढीच्या बाबतीत तो खरा नाही. जुन्या पेटीतल्या तीन वस्तूंकडे श्रावकाने काळजीपूर्वक पाहिले पाहिजे.

पहिली वस्तू ब्रश. पारंपरिक ब्रश रानडुकराच्या किंवा डुकराच्या राठ केसांचा असतो. उंची ब्रश बॅजर नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा असतो. हे केस प्राण्याला मारल्यानंतर मिळतात. घोड्याच्या शेपटीच्या केसांचेही ब्रश बनतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या नीट निर्जंतुक न केलेल्या केसांच्या ब्रशमुळे इंग्लंड-अमेरिकेत अनेकांना अँथ्रॅक्स हा प्राणघातक रोग झाला होता. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त श्रावकासाठी वर्ज्य असलेले पंधरा व्यवसाय सांगितले. त्यांतील ‘दंतवाणिज्य’ या नावाखाली केवळ हस्तिदंत येत नाही. केस, नखे, हाडे आणि कातडी यांचा व्यापारही त्यात मोडतो. म्हणजे हा विषय जितका दाढी करणाऱ्याचा आहे, तितकाच ब्रश विकणाऱ्या दुकानदाराचाही आहे.

सुदैवाने उपाय सोपा आहे. नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचे ब्रश आता मऊ मिळतात, चांगला फेस काढतात आणि लवकर वाळतात. ब्रश कशाचा आहे याची शंका आली, तर त्याचा एक तंतू उपटून चिमट्यात धरून जाळून पाहावा. प्राण्याचा केस जळताना केस जळल्याचा ओळखीचा वास येतो आणि मागे कुस्करता येणारी राख राहते. कृत्रिम तंतू वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. नायलॉन हेही प्लास्टिकच आहे, हे खरे. तथापि नीट वाळवून ठेवलेला ब्रश अनेक वर्षे चालतो. दर आठवड्याच्या कचऱ्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

दुसरी वस्तू साबण. दाट फेसासाठी नावाजलेल्या अनेक परदेशी दाढीच्या साबणांत प्राण्यांची चरबी असते. वेष्टनावरील घटकांच्या यादीत ‘सोडियम टॅलोएट’ असे लिहिले असेल, तर ती चरबीच आहे. ‘सोडियम पामेट’ म्हणजे पामतेल आणि ‘सोडियम कोकोएट’ म्हणजे खोबरेल. स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन हे पदार्थ वनस्पतीपासूनही बनतात आणि चरबीपासूनही. त्यांचे मूळ उत्पादकाला विचारावे लागते. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून काढतात. काही उत्पादक आता साबणाच्या वेष्टनावरही हिरवा ठिपका छापतात. तो असेल तर काम सोपे होते.

साबणाच्या संदर्भात बुलढाणा जिल्ह्याला एक जुनी आठवण आहे. अकबराच्या काळातील ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख येतो. तेथील डोंगर-परिसरात काच आणि साबण बनविण्यास लागणारे पदार्थ मिळतात, असे त्यात नोंदलेले आहे. लोणार सरोवराचे खारे पाणी उन्हाळ्यात आटले की काठावर सोड्याचे थर जमत. हा सोडा वेचून विकला जाई. सोड्यातील क्षार आणि तेल यांच्या संयोगातून साबण होतो. त्यासाठी चरबीच हवी असे नाही, वनस्पतीचे तेलही तितकेच उपयोगी पडते. आज लोणार अभयारण्य आहे आणि २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तेथून सोडा काढण्याचा प्रश्नच नाही. पण खोबरेलाचा आणि सोड्याचा साबण ही आपल्या भूमीला परकी गोष्ट नाही, एवढे त्यावरून कळते.

तिसरी वस्तू चामड्याचा पट्टा. उघड्या वस्तऱ्याला प्रत्येक दाढीपूर्वी पट्ट्यावर फिरवावे लागते. ज्यांना वस्तराच वापरायचा आहे, त्यांनी जाड सुती कॅनव्हासचा पट्टा घ्यावा. त्यावरही काम होते. मात्र वस्तरा हाताला वळण लागेपर्यंत धोक्याचाच असतो. घरगुती वापरासाठी दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर पुरेसा आहे आणि त्याला पट्टा लागतच नाही.

हाताला नवी सवय

काडतुसाची सवय झालेला हात रेझर दाबतो. धातूच्या रेझरला दाब लागत नाही, त्याचे वजनच काम करते. कोमट पाण्याने चेहरा दोन मिनिटे ओला ठेवावा. ब्रशने फेस गोलाकार चोळावा. पाते त्वचेशी सुमारे ३० अंशांचा कोन करील असे धरावे आणि केसांच्या दिशेने छोटे छोटे हात मारावेत. पहिले दोन आठवडे थोडे कापते, पुढे क्वचितच. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व मधुमेहींनी हा बदल आपल्या डॉक्टरांना विचारून करावा.

दाढीनंतर ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवावी. तुरटी खनिज आहे, ती त्वचा आकसते आणि बारीक कापल्याचे रक्त थांबवते. प्रत्येकाचा तुरटीचा खडा वेगळा असावा.

पाण्याचेही पथ्य पाळता येते. वाहत्या नळाखाली रेझर धुण्याऐवजी गाळलेल्या पाण्याचा एक तांब्या पुढे घेऊन बसले, तर ब्रश भिजविणे, फेस, रेझर धुणे आणि चेहरा धुणे एवढे सगळे त्यात भागते. उन्हाळ्यात पाण्याची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात याची किंमत वेगळी सांगायला नको. अप्काय जीवांचा विचार करणाऱ्या घराला तर ती सवय घालूनच दिलेली आहे.

जुने पाते उघडे टाकणे ही मात्र हिंसाच ठरेल. कचरा उचलणाऱ्या सफाई कामगाराचे बोट त्याने कापते. रिकाम्या पत्र्याच्या डब्याला फट पाडून त्यात पाती टाकत जावे. डबा भरायला काही वर्षे लागतात. भरला की फट ठोकून बंद करावी आणि डबा भंगारवाल्याला द्यावा. पोलाद पुन्हा वितळते.

दुकानाची फळी

ज्याला हे सगळे घरी करायचे नसेल, त्याच्यासाठी शेजारचे केशकर्तनालय आहेच. तेथे बहुधा दुधारी पात्याचे दोन तुकडे करून त्यातला एक नवा तुकडा वस्तऱ्याच्या आकाराच्या पकडीत बसवितात. कचऱ्याला जाते ते अर्धे पाते. एका गिऱ्हाइकाचे पाते दुसऱ्याला लावू नये आणि सर्वांना एकच तुरटी फिरवू नये, कारण कावीळ ब, क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग रक्तातून होतो. गिऱ्हाइकाने हे नम्रपणे सांगावे, चांगला कारागीर ते मान्य करतो.

या कारागिरांच्या इतिहासात विवेकाचा एक मोठा दाखला आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असा निर्धार तेथे केला गेला. त्या कामाचे पैसे मिळत होते. तरी हातातल्या वस्तऱ्याने काय करायचे आणि काय नाही, हे त्यांनी स्वतः ठरविले.

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच हा एक मूलगुण आहे. दोन, तीन किंवा फार तर चार महिन्यांनी ते हातांनी केस उपटतात. श्वेतांबर साधू-साध्वीही संवत्सरीपूर्वी लोच करतात. वस्तरा, साबण, पाणी यांपैकी कशाचाच त्यांना आधार नसतो. गृहस्थाला ते साधणार नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नाही. त्याच्या वाट्याला आरंभी हिंसा येतेच. ती कमी करीत नेणे एवढे त्याच्या हातात आहे. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही प्रकारे कर्मबंध होतो, असे शास्त्र सांगते. म्हणून वापरणाऱ्याइतकाच विकणाऱ्याचाही त्यात वाटा आहे.

जिल्ह्यातील अनेक जैन कुटुंबांची किराणा आणि जनरल स्टोअर्सची दुकाने आहेत. पुढचा माल भरताना डुकराच्या केसांच्या ब्रशऐवजी कृत्रिम तंतूंचा ब्रश मागवावा. चरबीच्या साबणाऐवजी वनस्पती तेलाचा साबण ठेवावा. वरच्या फळीवरची पात्यांची पाकिटे गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आणावीत. नफ्याचे गणित यात फारसे बिघडत नाही. आणि गिऱ्हाइकाने सहज विचारले, ‘हा ब्रश कशाचा आहे हो?’ तर गल्ल्यावर बसलेल्याला त्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर देता येते.